टायटॅनिकवरचं वाचताना फसगत कुठे होते?

पुस्तक हाती घेतलं की आधी प्रकाशनाचं वर्ष बघा. 1 सप्टेंबर 1985ला अवशेष सापडले आणि जहाज तुटून बुडालं हे नक्की झालं. त्याआधीच्या बहुतेक लेखनात ते अखंड बुडतं, कारण 1912च्या ब्रिटिश चौकशीनं तसंच मानलं होतं. लाइटोलर हा अधिकारी आणि ग्रेसी हा प्रवासी, दोघंही अखंडच म्हणत. जॅक थेअर हा प्रवासी मात्र तुटताना पाहिल्याचं सांगत होता. वॉल्टर लॉर्डचं 1955चं पुस्तकही जुन्याच समजुतीवर आहे, पण वाचलेल्यांशी बोलून रचलेला त्या रात्रीचा घटनाक्रम हवा असेल तर सुरुवात तिथूनच करावी.

*

लॉर्डनंतर थेट साक्षींकडे वळा. ब्रिटिश चौकशीतल्या प्रश्नांना सलग क्रमांक आहेत, 25,000च्या वर. कुठल्याही पुस्तकात साक्षीतलं वाक्य दिसलं की त्याचा क्रमांक शोधून मागचे-पुढचे दहा प्रश्न वाचायचे. अर्धवट उचललेली वाक्यं तिथेच पकडली जातात.

*

मॉर्गन रॉबर्टसन या अमेरिकी लेखकाच्या 1898च्या, जहाज बुडण्यावरच्या कादंबरिकेला ‘भविष्यवाणी’ म्हणणाऱ्यांनी आवृत्ती तपासावी. ‘टायटन’ हे जहाजाचं नाव, एप्रिल महिना, हिमनग, अपुऱ्या होड्या हे सगळं मूळचंच. पण जहाजाचं 45,000 टन डिस्प्लेसमेंट 1912च्या आवृत्तीत 70,000 झालं. शिवाय 45,000 शेजारी टायटॅनिकचे 46,328 मांडून लोक थक्क होतात, तिथे मापंच वेगळी आहेत. डिस्प्लेसमेंट म्हणजे जहाजानं सारलेल्या पाण्याचं वजन. 46,328 हे ग्रॉस टनेज, म्हणजे आतली जागा, 100 घनफुटांना 1 टन या हिशेबानं. टायटॅनिकचं डिस्प्लेसमेंट 52,000 टनांच्या आसपास होतं.

*

जहाजावरच्या वादकांची शेवटची धून हा न सुटणारा गुंता. ‘निअरर, माय गॉड, टू दी’ हे स्तोत्र म्हटलं तरी चाल कुठली? ब्रिटनमध्ये ‘हॉरबरी’, अमेरिकेत ‘बेथनी’, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची ‘प्रोपिऑर डिओ’. 1958च्या ब्रिटिश चित्रपटात हॉरबरी आहे, 1997च्या चित्रपटात बेथनी. बिनतारी यंत्रावरचा हॅरल्ड ब्राइड तर ‘ऑटम’ म्हणाला. ती त्या नावाची स्तोत्राची चाल की ‘सॉंज दोतोन’ हे तेव्हाचं लोकप्रिय वॉल्ट्झ, यावर अजून जुंपते.

*

कविता राहिलीच! इंग्रज कवी थॉमस हार्डीची टायटॅनिकवरची कविता 1912चीच आहे, तीन-तीन ओळींची 11 कडवी, दोन ओळी आखूड आणि तिसरी लांब. मोठ्यानं वाचा. पहिली पाच समुद्रतळाशी, आरशांवरून सरपटणाऱ्या जीवापाशी. सहाव्यापासून इकडे जहाज घडतंय, तिकडे त्याच्या जोडीचा हिमनग वाढतोय.