पावरा-भिल्ल म्हाताऱ्यांच्या आरोग्यावर संशोधन करायचंय, फेलोशिप कुठली बघू?

धडगावची_लेक:
नमस्कार. मी धडगाव तालुक्यातली, पावरा समाजाची. मुंबईत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण) केलं, आता शहाद्याला एका संस्थेत काम करते. दिवाळीनंतर तरुण जोडपी ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला जातात. पाड्यावर उरतात म्हातारी माणसं आणि नातवंडं. बीपीच्या गोळ्या संपल्या तरी डोंगर उतरून आणणार कोण? विसरायला लागलेल्या माणसाला तर कोणी आजारी समजतच नाही. यावर नीट संशोधन शिकायचंय. अमेरिकेत अल्पसंख्य समाजांतल्या वृद्धांच्या आरोग्यासाठी संशोधक घडवणाऱ्या फेलोशिप आहेत, असं वाचलं. तिथे अर्ज करू की इथेच पीएचडी? घरून पैसे मिळणार नाहीत.

यावलकर:
ताई, मी लोकसंख्याशास्त्रातला. तिकडच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगने १९९७ मध्ये या विषयासाठी खास केंद्रं सुरू केली, रिसोर्स सेंटर्स फॉर मायनॉरिटी एजिंग रिसर्च. काम मोलाचं आहे, त्यांचे लेख जरूर वाचा. पण टी३२, एफ३१ ही तिथली सरकारी प्रशिक्षण-अनुदानं नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतात. त्यामागे महिने घालवू नका.

अनुसूचित जमातींसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला ७५० नव्या. त्यासाठी आधी पीएचडीला प्रवेश हवा. देवनारची आयआयपीएस (लोकसंख्या अभ्यासाची संस्था) किंवा टाटा इन्स्टिट्यूट बघा. परदेशीच जायचं तर त्याच मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, पण जागा जेमतेम २०.

प्रवेशाची वाट न बघता 'लासी'ची, म्हणजे वाढत्या वयातल्या माणसांच्या देशव्यापी पाहणीची, आकडेवारी मागवा. पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ वर्षांवरची ७२ हजारांहून जास्त माणसं. आयआयपीएसकडे अर्ज केला की संशोधकांना मिळते. पण ती राज्यापर्यंतचं चित्र देते, जिल्ह्याचं नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी, तरी तिथल्या म्हाताऱ्यांचं वेगळं चित्र लासीतून निघत नाही. तुमच्या प्रबंधाची जागा नेमकी तिथे आहे.

सिस्टर_अक्कलकुवा:
बेटा, माझी सगळी नोकरी आरोग्य उपकेंद्रात झाली. वयापासून सुरुवात कर. आधारवर बघावं त्या म्हाताऱ्याची जन्मतारीख १ जानेवारी. कागदावरच्या वयावर श्रावणबाळची पेन्शन मिळेल, संशोधन व्हायचं नाही. मी विचारायची, बाहत्तरच्या दुष्काळात केवढी होतीस? लग्न झालं होतं का, कडेवर पोर होतं का? मग अंदाज येतो.

आणि होळीला जाऊ नकोस. तेव्हा कुठे कुठे गेलेले सगळे घरी येतात, घर भरलेलं असतं, म्हातारीही आनंदात असते. पौष-माघात जा. चुलीजवळ लाकडं कोणी आणली, पाणी कोणी भरलं ते बघ. असं विचारून कोणी सांगत नाही गं, आपली माणसं तक्रार करत नाहीत. मला ह्याच गोष्टीचं फार वाईट वाटत आलंय.

धुळ्याचा_डॉक्टर:
विस्मरणाबद्दल लिहितो. नेहमीच्या चाचणीत वाक्य लिहायला, वजाबाक्या करायला सांगतात. शाळेत न गेलेल्या माणसाला आजार नसतानाही कमी गुण पडतात. म्हणून हरियाणातल्या बल्लभगढला निरक्षर हिंदीभाषकांसाठी एचएमएसई (हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) ही चाचणी तयार झाली. लासीच्या स्मृतिभ्रंश अभ्यासातही ती आहे. पावरीत ती बसवणं, शंभर-दोनशे माणसांवर तपासणं, एवढ्यात एक पीएचडी होते. ऊसतोड, बीपी, विस्मरण सगळं एकत्र घेतलंत तर मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत कात्री लावतील. मार्गदर्शकही असा शोधा जो स्वतः पाड्यावर आलेला असेल.

धडगावची_लेक:
सगळ्यांचे आभार. विस्मरणाचाच विषय घेते. लासीचा अर्ज या आठवड्यात भरते. सिस्टर, तुमचा दुष्काळाचा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत पहिला असेल. डॉक्टर, चाचणीचा पावरी मसुदा झाला की तुम्हाला दाखवू का?

धुळ्याचा_डॉक्टर:
जरूर. आधी गावातल्या दोन आज्यांना ऐकवा, मग मला.