लिंक तुटल्याची सूचना कर्नल गाळतो का?

प्रश्न (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात शीतगृहाचे तापमान नोंदवणारे एक लहान उपकरण आम्ही बसवले आहे. त्यावर लिनक्स चालते आणि नोंदी इथरनेट केबलने, एका स्विचमार्गे, कार्यालयातील संगणकाकडे यूडीपीने (पोच न मागता माहिती पाठवण्याच्या पद्धतीने) जातात. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना गंजतात, आणि पावसाळ्यात तर लिंक (केबलवरील जोडणी) क्षणभर तुटून पुन्हा जुळण्याचे प्रकार वारंवार होतात. आमचा प्रोग्रॅम नेटलिंक सॉकेटवर, म्हणजे कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) संदेश मिळण्याच्या वाटेवर, लिंकच्या सूचना ऐकतो आणि प्रत्येक तुटीची वेळ लिहून ठेवतो. परंतु सिसएफएसमधील (कर्नल आपली माहिती ज्या फाइलींतून दाखवतो त्यांतील) ‘कॅरिअर_डाउन_काउंट’ हा आकडा, म्हणजे कॅरिअर (लिंक असल्याची खूण) किती वेळा गेला त्याची मोजणी, आमच्या नोंदींपेक्षा बराच मोठा दिसतो. दोन्ही टोकांना वेग १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) असा पक्का बांधलेला आहे आणि फाय चिप (केबलवरचे सिग्नल हाताळणारी चिप) इंटरप्टवर चालते, म्हणजे बदल झाला की स्वतः कळवते. सूचना वाटेत हरवतात, की कर्नलच त्या देत नाही? शिवाय, लिंक तुटताच आम्ही आयपी पत्ता काढून टाकतो, ते योग्य आहे का?

उत्तर (देवगड)

आपण दिलेल्या माहितीवरून दिसते ते असे की कर्नल येथे नियमाप्रमाणेच वागत आहे. नेटलिंकची सूचना लिंकची सध्याची स्थिती सांगते. स्थितीचा इतिहास सांगण्याची हमी ती देत नाही. तुमचा प्रोग्रॅम मात्र तिला इतिहास समजून चालला आहे.

आतील क्रम पाहू. ड्रायव्हरला लिंक गेल्याचे कळले की तो ‘नेटिफ_कॅरिअर_ऑफ’ हे फंक्शन बोलावतो. हे इंटरप्टमधूनही बोलावता येते, कारण ते फार थोडे काम करते: उपकरणाच्या स्थितीतील एक बिट बदलते, तुटींचा आकडा एकाने वाढवते आणि ‘लिंकवॉच’ या यंत्रणेकडे निरोप ठेवते. पाठवायच्या पॅकेटांच्या रांगेची शिस्त बदलणे, कर्नलमधील इतर भागांना कळवणे आणि नेटलिंकवर संदेश पाठवणे ही जड कामे लिंकवॉच नंतर, वर्कक्यूमध्ये (मागे ठेवलेल्या कामांच्या रांगेत), आरटीएनएल लॉक (नेटवर्कच्या मांडणीतील बदलांसाठीचे सामाईक कुलूप) घेऊन करते. एका उपकरणाचा निरोप प्रलंबित असताना दुसरा आला, तर तो वेगळा नोंदवला जात नाही. शिवाय तातडीचे नसलेले निरोप साधारण सेकंदाला एकदाच हाताळले जातात. बराच वेळ शांतता असेल तर पहिली तूट लगेच कळवली जाते. पण त्यानंतरच्या सेकंदात लिंक पुन्हा तुटून जुळली, तर लिंकवॉचची पाळी येईपर्यंत लिंक चालू झालेली असते आणि संदेशात ‘चालू’ एवढेच जाते. ऑटोनिगोशिएशन (दोन्ही टोकांनी वेग आपसात ठरवणे) नसल्याने तुमची लिंक फार लवकर जुळते, म्हणून तुटण्या-जुळण्याच्या अशा जोड्या तुमच्याकडे अधिक गाळल्या जात असाव्यात.

ही रचना मला मनापासून योग्य वाटते. सैल कनेक्टरच्या प्रत्येक थरथरीला आरटीएनएल लॉक धरला, तर त्या यंत्रावरील नेटवर्कची बाकीची सर्व कामे अडतील. कोणतीही स्थिती कायमची निसटू नये याचीही काळजी येथे घेतलेली आहे: लिंकवॉच प्रलंबित असल्याची खूण आधी पुसते आणि त्यानंतरच कॅरिअरची स्थिती वाचते, म्हणजे वाचन चालू असताना बदल झालाच तर त्याचा निरोप नव्याने नोंदवला जातो.

उपाय सोपा आहे. कर्नल ४.१६ पासून लिंकच्या नेटलिंक संदेशातच जुळण्याचे आणि तुटण्याचे दोन्ही आकडे येतात. मागील आकडा जपून ठेवा आणि प्रत्येक संदेशातील आकड्याशी त्याची तुलना करा. संदेश ‘चालू’ म्हणत असला आणि तुटींचा आकडा वाढलेला असला, तर मधे तूट झाली होती. तिची नेमकी वेळ मिळणार नाही, पण तूट निसटणार नाही.

उत्तर (वेंगुर्ला)

वरील उत्तराशी सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

सूचना खरोखर हरवण्याची वाटही आहे. सॉकेटचा बफर भरला तर संदेश टाकून दिले जातात आणि वाचताना ‘ईनोबफ्स’ ही त्रुटी मिळते. ती दुर्लक्षून पुढे वाचत राहू नये. सर्व लिंकची सद्यःस्थिती पुन्हा मागवून घ्यावी. प्रोग्रॅम सुरू होतानाही आधी सूचनांच्या गटात सामील व्हावे आणि मग सद्यःस्थिती मागवावी. क्रम उलटा झाला तर मधल्या फटीतील बदल कळत नाही.

आयपी पत्ता काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅरिअर गेल्यावर लिनक्स स्वतः पत्ता काढत नाही. पॅकेट पाठवण्याच्या मार्गावर (राउटवर) केवळ लिंक बंद असल्याची खूण करतो. तो मार्ग वापरायचा नसेल तर ‘इग्नोर_राउट्स_विथ_लिंकडाउन’ ही सेटिंग आहे. पत्ता काढल्याने त्यावर अवलंबून असलेले मार्गही जातात आणि क्षणाच्या तुटीचे रूपांतर तुम्ही स्वतः मोठ्या खंडात करता. नोंदींमधील खंडाचे आणखी एक कारण असे की तूट हाताळताना लिंकवॉच रांगेतील पॅकेट टाकून देते आणि लिंक येईपर्यंत नवीन पॅकेटही टाकली जातात. टीसीपी ती पुन्हा पाठवते, यूडीपी नाही. तेव्हा प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक द्या, पोच येईपर्यंत ती उपकरणावर ठेवा आणि पोच आली नाही तर पुन्हा पाठवा.

मूळ प्रश्नकर्ता (रत्नागिरी)

दोघांचेही मनापासून आभार. पत्ता काढणारा भाग आजच वगळतो. आणखी एक शंका आहे: इंटरप्ट बंद करून फाय चिप पोलिंगवर (ठरावीक वेळाने कर्नलने स्वतः विचारण्यावर) ठेवली, तर क्षणिक तुटी आणखी निसटतील का?

उत्तर (देवगड)

सहसा निसटणार नाहीत, पण प्रत्येक तूट लांबेल. फाय चिपच्या स्टेटस रजिस्टरमधील लिंकचा बिट तूट झाली की शून्यावर अडकून राहतो आणि एकदा वाचल्यावरच खरी स्थिती दाखवतो. कर्नलची फायलिब (फाय चिप हाताळणारा भाग) पोलिंगमध्ये साधारण दर सेकंदाला हा बिट वाचते, आणि लिंक चालू असताना मुद्दाम एकदाच वाचते, म्हणजे दोन वाचनांमधली तूटही दिसते. मात्र लिंक आल्याचे तिला पुढच्या फेरीतच कळते. म्हणून काही मिलिसेकंदांची तूट सुमारे एका सेकंदाची होते, आणि त्या सेकंदात अनेक तुटी झाल्या तरी एकच मोजली जाते. तुमच्या कामासाठी इंटरप्टच ठेवा आणि आकड्यांची तुलना करा.

सॉफ्टवेअर एवढेच करू शकते. समुद्राच्या इतक्या जवळ साधा आरजे-४५ (नेहमीचा इथरनेट) कनेक्टर उघडा ठेवू नये. १०० एमबीपीएससाठी चार पिनांचा, डी-कोड प्रकारचा एम-१२ कनेक्टर मिळतो. तो पेचाने घट्ट बसतो आणि सीलबंद असतो. उपकरणाच्या बाजूला तो बसवा आणि स्विच शक्य असेल तर कोरड्या खोलीत हलवा. वेग मात्र दोन्ही टोकांना पक्का किंवा दोन्ही टोकांना ऑटो ठेवा. एकच टोक पक्के राहिले तर ऑटो असलेले टोक हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने) धरते. मग लिंक चालू दिसते, कॅरिअरचा आकडाही हलत नाही, आणि तरीही पॅकेट हरवत राहतात.