बाळंतपणाचा खर्च आरोग्य विम्यात कितपत बसतो? सल्ला हवा आहे

नमस्कार. येत्या वर्ष-दीड वर्षात आम्ही बाळाचा विचार करतोय. नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत माझं नाव आहे, शिवाय दोघांची एक फॅमिली फ्लोटरही (दोघांत मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी) आहे. एजंट म्हणतो, "मॅटर्निटीवाली नवीन पॉलिसी घ्या, त्यात सगळं कव्हर होतं." घ्यावी का? नेमकं काय तपासायचं?

प्रतिसाद १

ताई, एवढ्यात सही करू नका. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत मॅटर्निटी असली तरी तिला वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ तो खर्च मिळत नाही; बहुतेक ठिकाणी दोन ते चार वर्षं. काही पॉलिसींत कमी असतो, पण प्रीमियम त्या मानाने चढा. तुमचं वर्ष-दीड वर्षाचं गणित त्यात बसतं का, ते आधी एजंटाकडून लेखी घ्या.

सध्याच्या फ्लोटरचं माहितीपत्रक नको, मूळ पॉलिसी वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटींचा पूर्ण मजकूर, उघडा. अपवादांच्या यादीत 'एक्सक्ल १८' (Excl18, बाळंतपणाच्या अपवादाचा कोड) दिसलं, तर बाळंतपण वगळलंय असं समजा, अगदी गुंतागुंतीचं सिझेरियनसुद्धा. पण तीच ओळ शेवटपर्यंत वाचा: एक्टोपिक प्रेग्नन्सी, म्हणजे गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ, या अपवादात येत नाही, म्हणजे तिचा क्लेम करता येतो. अपघातामुळे झालेला गर्भपातही तसाच. अशा वेळी तातडीने ऑपरेशन करावं लागतं आणि घरचे "प्रेग्नन्सी आहे, मिळणार नाही" म्हणून क्लेमच टाकत नाहीत. तसं कृपया करू नका.

प्रतिसाद २

मी एचआरमध्ये ग्रुप पॉलिसीचंच काम पाहते. तुमच्यासाठी खरा आधार ऑफिसची पॉलिसी आहे. तिथे मॅटर्निटी असेल तर वेटिंग पिरियड बऱ्याचदा माफ असतो. पण रक्कम नीट बघा. समजा विमा ५ लाखांचा आहे आणि मॅटर्निटीची मर्यादा ५० हजार. तर बाळंतपणाला ५० हजारच मिळतील. नॉर्मल आणि सिझेरियनची मर्यादा अनेकदा वेगवेगळी असते.

त्याहून महत्त्वाचं बाळाचं. बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे की ९० दिवसांनंतर? एनआयसीयूचा (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा) खर्च त्या ५० हजारांतूनच जाणार की कुटुंबाच्या पूर्ण रकमेतून? हे ईमेलवर विचारा, तोंडी उत्तर चालवून घेऊ नका. बाळाचं नाव किती दिवसांत नोंदवायचं तेही विचारा. ती मुदत हुकली की फार त्रास होतो, आणि ऐन धावपळीत ती हुकतेच.

आणि मधे नवऱ्याने नोकरी बदलली, तर हे कव्हर तिथेच संपतं. नवीन ऑफर हातात आली की पगाराच्या बरोबरीने हे विचारून घ्या.

प्रतिसाद ३

वरच्या दोघींशी सहमत. खोलीच्या भाड्याची मर्यादा पण बघा. महागडी खोली घेतली की काही पॉलिसींत डॉक्टरांची फी वगैरेही त्याच प्रमाणात कापतात. डिलिव्हरीची तारीख ढोबळमानाने माहीत असतेच, तेव्हा कॅशलेसचे (बिल थेट विमा कंपनीने हॉस्पिटलला भरायचे) कागद आधीच टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणाऱ्या संस्थेकडे, द्या. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. उशीर झाला तर हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर हे ठामपणे सांगा.

धागाकर्ती

खूप आभार! एचआरला आजच मेल टाकते. सोनोग्राफी आणि दर महिन्याच्या तपासण्यांचं काय?

प्रतिसाद २

तो ओपीडी खर्च, म्हणजे दाखल न होता झालेला. पॉलिसीत 'प्री-पोस्ट नेटल' (बाळंतपणाआधीचा आणि नंतरचा खर्च) लिहिलं असेल तरच मिळतो, आणि बहुधा मॅटर्निटीच्याच मर्यादेतून. तरी पहिल्या तपासणीपासून प्रत्येक बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडून ठेवा. चिठ्ठीशिवायचं बिल परत येतं.