मदत हवी आहे: एएमएलच्या (रक्ताचा एक कर्करोग) रुग्णाच्या अंगावर गाठी, पण बायोप्सीत सीडी३४ (अपक्व रक्तपेशींची खूण, म्हणजे मार्कर) निगेटिव्ह

धागाकर्ता: रुग्ण ५२ वर्षांचे, मोनोसाइटिक एएमएल (मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या वळणाचा), केमो सुरू व्हायची आहे. पाठीवर आणि छातीवर जांभळट-तपकिरी घट्ट गाठी, अर्धा ते दीड सेंटिमीटर. दुखत नाहीत, खाजत नाहीत. हिरड्या सुजलेल्या. प्लेटलेट २२ हजार. ३ मिमी पंचचा (गोल पात्याने काढलेला त्वचेचा तुकडा) रिपोर्ट: सीडी३४, सीडी११७, एमपीओ हे मार्कर निगेटिव्ह, सीडी६८ पॉझिटिव्ह, 'बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह'. म्हणजे गाठी कर्करोगाच्या नाहीत असं. मान्य करावा का?

काचपट्टी: नको. मोनोसाइटिक ब्लास्ट (कर्करोगाच्या अपक्व पेशी) त्वचेत सीडी३४ आणि सीडी११७ बहुतेकदा दाखवतच नाहीत, एमपीओही पुष्कळदा नसतो. सीडी६८ साध्या हिस्टिओसाइटलाही (ऊतींतल्या सफाई पेशी) लागतो, त्यामुळे तो एकटा कुठल्याच बाजूने साक्ष देत नाही. त्याच ब्लॉकवर लायसोझाइम, सीडी३३, सीडी४३, सीडी४, सीडी५६, सीडी१२३, सीडी३ आणि सीडी२० मागवा. सीडी४३ पॉझिटिव्ह पण सीडी३, सीडी२० कोरे, अशी जोडी दिसली की मायलॉइडचा (एएमएलच्या वंशाच्या पेशी) विचार सोडायचा नाही. सीडी४, सीडी५६, सीडी१२३ तिन्ही लागले आणि लायसोझाइम नाही, तर बीपीडीसीएनचा (त्वचेत दिसणारा रक्ताचा दुसरा एक कर्करोग) संशय. मग त्याचा मार्कर टीसीएफ४ लावा. मॅरोत (अस्थिमज्जेत) एनपीएम१ या जनुकात म्यूटेशन असेल तर तोच स्टेन त्वचेवर करा. तपकिरी रंग केंद्रकाबाहेर पेशीद्रवात दिसला की वाद मिटला.

आणि एचअँडई (नेहमीच्या रंगाची स्लाइड) पुन्हा बघा हो, मार्करच्या नादात ती राहून जाते. एपिडर्मिसखाली (त्वचेचा वरचा थर) मोकळी पट्टी आणि कोलॅजनच्या जुड्यांमधून एकामागोमाग एक शिरलेल्या पेशी आहेत का? असतील तर ते ब्लास्टच्या बाजूने.

पंचवाली: ३ मिमीचा तुकडा इथे तोकडा. ताजी, न फुटलेली गाठ निवडून ४-५ मिमी पंच चरबीपर्यंत घाला. तुकडा चिमट्याने धरू नका, सुईने उचला. ब्लास्ट लगेच चिरडतात आणि स्लाइडवर नुसते निळे धागे उरतात. दुसरा तुकडा कल्चरसाठी निर्जंतुक सलाइनमध्ये: बॅक्टेरिया, बुरशी, एएफबी (क्षयरोगाच्या गटातले जंतू). तो फॉर्मलिनमध्ये पडला की गेला कामातून.

२२ हजारांवर पंच होतो: अ‍ॅड्रिनालिनवालं लिग्नोकेन, टाके आणि दहा-पंधरा मिनिटं दाब. आधी पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन (रक्त गोठण्याच्या तपासण्या) मात्र बघाच. मोनोसाइटिकमध्ये डीआयसी (शरीरभर रक्त गोठण्याचा बिघाड) असू शकतं.

धागाकर्ता: आभार, दोघांचेही. आज ताप आहे, १०१. स्वीट्स (ताप आणि गाठी आणणारा, स्टेरॉइडने बरा होणारा त्वचाविकार) समजून स्टेरॉइड द्यावं का?

पंचवाली: बायोप्सीआधी नको, चित्र गढूळ होतं. स्वीट्सच्या गाठी हात लावला तरी दुखतात. तुमच्या दुखत नाहीत. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती आहेत? ५००च्या खाली असतील तर ब्लड कल्चर काढून स्यूडोमोनासवर चालणारं अँटिबायोटिक लगेच सुरू करा. एखाद्या गाठीच्या मध्यभागी काळी खपली धरतेय का तेही बघा. तसं असेल तर एक्थायमा गँग्रिनोसमचा (स्यूडोमोनाससारख्या जंतूंचा गंभीर त्वचासंसर्ग) संशय घ्यायचा, आणि कल्चरचा तुकडा तिथूनच.

काचपट्टी: त्वचेत ब्लास्ट ठरले तर हिमॅटॉलॉजिस्टकडे सीएसएफचा (मेंदू-मणक्याभोवतालचं पाणी तपासण्याचा) विषय काढा. मोनोसाइटिकमध्ये मेंदूच्या आवरणात शिरकाव व्हायचा धोका जास्त. एलपी (पाठीतून ते पाणी काढणं) मात्र रक्तातले ब्लास्ट उतरल्यावर आणि प्लेटलेट वाढवूनच.