चारा कापणी व गठ्ठेबांधणीच्या प्रात्यक्षिकात नेमके काय पाहावे?

प्रश्न
आमच्या शेतकरी गटासाठी गवतकापणी यंत्र, कापलेला चारा ओळीत गोळा करणारा रेक आणि गोल गठ्ठे बांधणारा बेलर यांचे प्रात्यक्षिक एकाच दिवशी, एकाच शेतावर ठेवायचे आहे. मागच्या वेळी विरळ पिकात यंत्राने दोन फेऱ्या मारल्या आणि कार्यक्रम आटोपला. त्यावरून खरेदीचा निर्णय घेता येईल असे काहीच कळले नाही. या वेळी शेताची तयारी कशी करावी आणि बघणाऱ्यांनी कशावर नजर ठेवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
एका दिवसात सर्व कामे दाखवायची असतील, तर कापणी एका दिवसात उरकून चालणार नाही. ताज्या कापलेल्या गवतात साधारण ७५ ते ८० टक्के ओलावा असतो, तर वाळल्या चाऱ्याचा गठ्ठा बांधताना तो १५ ते १८ टक्क्यांवर आलेला असावा लागतो. म्हणून शेताचा एक पट्टा हवामान पाहून काही दिवस आधी कापावा, दुसरा त्यानंतर, म्हणजे तो रेक चालवण्याजोगा अर्धवट सुकलेला मिळेल, आणि तिसरा उभाच ठेवावा. पीक दाट असलेला भाग मुद्दाम निवडावा, कारण विरळ गवतात कोणतेही यंत्र चांगलेच चालते. ओलावामापक जवळ ठेवावा. आकडा २० टक्क्यांच्या वर असेल तर बेलर फिरवू नये. असा गठ्ठा आतून तापतो, त्याला बुरशी लागते, आणि फारच ओला असेल तर साठवणीत पेटूही शकतो.

प्रतिसाद २
माझा आग्रह असा, की यंत्राकडे कमी आणि यंत्र पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या जमिनीकडे जास्त पाहावे. खाली बसून खुंट तपासावेत: कापलेली टोके स्वच्छ आहेत की फाटून चिंध्या झाल्या आहेत, आणि उंची सगळीकडे ७ ते १० सेंटिमीटरच्या आसपास राहिली आहे की वळणावर यंत्राने जमीन खरवडली आहे. रेकचे दाते फार खाली लावले असतील तर माती चाऱ्यात मिसळते, आणि ती नंतर वेगळी करता येत नाही. लसूणघासात तर पानांचाच प्रश्न मोठा असतो, कारण प्रथिनांचा मोठा वाटा पानांत असतो आणि पूर्ण सुकल्यावर रेक फिरवला की ती झडून जातात. एक गठ्ठा पडल्यावर बेलर थांबवायला लावून त्याच्याखाली किती चुरा सांडला आहे, तेही पाहावे.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. मुरघासासाठी (हवाबंद साठवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी) मक्याची कुट्टी करणारे यंत्रही ठेवावे का?

प्रतिसाद ३
मका योग्य अवस्थेत असेल तरच ठेवावे, म्हणजे संपूर्ण झाडातील शुष्क भाग ३० ते ३५ टक्के झालेला असावा. मग ओंजळभर कुट्टी पसरून तुकड्यांची लांबी एकसारखी आहे का आणि दाणे फुटले आहेत का, हे पाहता येते. अखंड राहिलेले कडक दाणे जनावराच्या शेणातून तसेच बाहेर पडतात.

विक्रेत्याकडून सहसा दाखवली जात नाही ती गोष्ट म्हणजे अडकलेला चारा काढणे. ते करून दाखवायला आवर्जून सांगावे, मात्र आधी पी.टी.ओ. (ट्रॅक्टरची शक्ती यंत्राला देणारा फिरता दांडा) बंद, इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि सर्व फिरते भाग पूर्ण थांबलेले असले पाहिजेत. फिरत्या पात्यांच्या कापणी यंत्राखालून खडे लांबवर उडतात; त्यामुळे कापणी चालू असताना कोणीही त्या पट्ट्याजवळ थांबू नये, आणि खुंट पाहायला यंत्र थांबल्यानंतरच शेतात उतरावे.