मदत हवी आहे: खानदानी कोलेस्टेरॉल, पोरांची टेस्ट कुठे करू?
नमस्कार मंडळी, मी चोपड्याचा, वय ३८, दारू-तंबाखू काही नाही तरी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) २३८ निघालं. वडील ४६ व्या वर्षी अटॅकने गेले, काका पण पन्नाशीच्या आतच. डॉक्टरांनी टाचेमागची जाड झालेली शीर दाबून पाहिली (मी समजत होतो चपलेचा घट्टा) आणि म्हणाले हे रक्तातूनच आलंय, नुसती शेवभाजी सोडून भागणार नाही, गोळी रोजची, आणि प्रत्येक पोराला यायचा चान्स निम्मा. पोरगी ९ ची, पोरगा ६ चा. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) इथंच होईल पण जीन टेस्टचं सॅम्पल जळगाव नाहीतर धुळ्याला कोणी घेतं का, खर्च किती? आई म्हणते एवढ्याशा लेकरांना सुया कशाला टोचता. कोणाच्या पोरांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) चालू असेल तर कोणत्या वयात सुरू केली तेवढं प्लीज सांगा