मदत हवी आहे : पणजोबांच्या वडिलांचे नाव दोन कागदांत वेगवेगळे

नमस्कार. आमच्या पणजोबांच्या वडिलांचे नाव दोन जुन्या कागदांत वेगवेगळे आढळत असून, त्यांपैकी कोणते ग्राह्य धरावे याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या) वहीत शके 1835 (म्हणजे इ.स. 1913-14) ची नोंद आहे. ती पणजोबांनी स्वतः मोडीत लिहिलेली असून, वडिलांचे नाव रामचंद्र असे स्पष्ट वाचता येते. खाली त्यांची ठसठशीत स्वाक्षरीही आहे. हवेली तालुक्यातील आमच्या जमिनीच्या जुन्या फेरफारात (हक्कबदलाच्या नोंदीत) मात्र 'मयत बापूजी यांचे वारस' म्हणून पणजोबांचेच नाव लागले आहे. शाळेच्या दाखल्यात वडिलांचे नाव नाही आणि त्यावरील जन्मतारीख अंदाजे घातलेली दिसते, म्हणून तो मी सध्या बाजूला ठेवला आहे.

पणजोबा भाऊबंदांतच दत्तक गेले असावेत, अशी मला दाट शंका आहे. परंतु नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपल्याकडील रीत पाहता, या दोन कागदांतील व्यक्ती म्हणजे एकाच नावाचे दोन चुलतभाऊही असू शकतात आणि तसे असल्यास आमची पुढची सारी वंशावळ चुकीच्या शाखेला जोडली जाईल.

दत्तकपत्र नोंदवलेले असल्यास त्या काळची सूची दुय्यम निबंधक कार्यालयात पाहायला मिळते काय? जमीन मूळ इनामाची असल्याने पुणे पुराभिलेखागारात कोणते दप्तर मागावे, हेही कृपया कोणी अनुभवी व्यक्तीने सांगावे.